विश्लेषण : पुस्तकातली ‘विद्या’ आणि औषधातला थुजा एकच का?

शेजारच्या बंगल्याच्या कुंपणातून हळूच तोडलेली चपटी हिरवी डहाळी पुस्तकात ठेवायची, म्हणजे अभ्यास चांगला होतो! महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी शाळेत जपलेली ही ‘विद्या’ म्हणजेच मोरपंखी. रोपवाटिकेत ती बऱ्याचदा ‘थुजा’ म्हणून विकली जाते. चामखिळीवरच्या होमिओपॅथी औषधाचे नावही थुजाच. त्यामुळे अंगणातल्या मोरपंखीचा रस चामखिळीला लावावा किंवा काढा करून प्यावा, असे सल्ले घरोघरी दिले जातात. प्रत्यक्षात ही दोन वेगळी झाडे आहेत.

नावाचा घोळ कुठून आला?

दोन्ही झाडे सायप्रसच्या कुळातली. (कोकण किनाऱ्यावरचा सुरू मात्र दिसायला तसाच असला तरी या कुळातला नाही.) लिनियसने १७५३ मध्ये दोघांनाही थुजा या एकाच प्रजातीत बसवले होते. आपली मोरपंखी मूळची चीन-कोरियाकडची. बीजिंगने तर तिला शहराचा वृक्ष म्हणून मान दिला आहे. तिचे आजचे शास्त्रीय नाव ‘प्लॅटिक्लेडस ओरिएंटॅलिस’, पण बाजारात जुनेच नाव चालू राहिले. औषधातला ‘थुजा ऑक्सिडेंटॅलिस’ उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला. तो थंड हवेतला असल्याने आपल्या उन्हाळ्यात सहसा तग धरत नाही.

ओळखायचे कसे?

डहाळी हातात धरून उलटसुलट पाहा. मोरपंखीच्या डहाळ्या पुस्तकाच्या पानांसारख्या उभ्या असतात आणि दोन्ही बाजूंना रंग जवळपास सारखाच असतो. अमेरिकी थुजाच्या डहाळ्या आडव्या पसरतात, खालची बाजू फिकट असते. सगळ्यात पक्की खूण फळाची, म्हणजे शंकूची. मोरपंखीचा कोवळा शंकू निळसर-हिरवा, मांसल असून त्यावर वाकड्या शिंगांसारखी टोके असतात. वाळून उकलला की आत बिनपंखांच्या, गव्हाच्या दाण्याएवढ्या बिया दिसतात. अमेरिकी थुजाचा शंकू छोटा, लांबट, शिंगांशिवाय, आणि बियांना दोन्ही बाजूंना पातळ पंख.

मग रस लावायचा की नाही?

नाही. अमेरिकी थुजाच्या तेलात थुजोन हे द्रव्य असते आणि ते जास्त प्रमाणात पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. म्हणजे झाड ‘खरे’ थुजा असते तरी घरगुती काढा धोक्याचाच. मोरपंखीची डहाळी आणि बी चिनी वैद्यकात वापरतात हे खरे, पण तिथे त्यावर प्रक्रिया होते, मात्रा ठरलेली असते. पातेल्यात मूठभर पाला उकळण्याशी त्याचा संबंध नाही. गर्भवती आणि लहान मुलांनी तर या वाटेला जाऊच नये. आणि जिला आपण चामखीळ म्हणतो ती चामखीळच आहे का, हे आधी डॉक्टरांना ठरवू द्या. विशेषतः ती वाढत असेल, रंग बदलत असेल किंवा रक्त येत असेल तर.

घरी वाढवताना

मोरपंखी शोभेचीच, आणि त्यात ती मागे नाही. पुष्पगुच्छात फुलांमागे तिचाच पाला असतो. ‘दारात जोडी ठेवा’ म्हणून दोन कुंड्या गळ्यात मारल्या जातात. हरकत नाही, पण दाराबाहेर ऊन हवे. दिवाणखान्यात ठेवलेली मोरपंखी हळूहळू वाळते आणि दोष पाण्याला दिला जातो.

पाण्याची चूक होते ती बहुधा जास्त घालण्याची. वरची बोटभर माती कोरडी लागली की मगच घाला. पावसाळ्यात कुंडीखालची थाळी काढून टाका, नाहीतर मुळे कुजतात. आतला पाला तपकिरी होणे नैसर्गिक आहे, तिथे ऊन पोहोचत नाही. टोकांकडून करपायला लागले तर मात्र मुळे तपासा. उन्हाळ्यात पाला धुरकट दिसून बारीक जाळी आली, तर तो लाल कोळी. पाइपच्या जोरदार फवाऱ्याने पाला आतपर्यंत धुऊन काढा, काही दिवसांनी पुन्हा धुवा.

छाटणी फक्त हिरव्या भागात करावी. जुन्या, पाने नसलेल्या लाकडापर्यंत कापले तर तिथे सहसा पुन्हा फुटवा येत नाही, झाडाला कायमचे भगदाड पडते. जमिनीत लावणार असाल तर रोपवाटिकेत एक प्रश्न जरूर विचारा : हे बुटके वाण आहे की साधे? साधी मोरपंखी पुढे चांगला वृक्ष होते आणि भिंतीलगत लावलेली अडचण ठरते.