अर्धायुष्य : तुर्भ्याच्या अणुभट्टीतून रुग्णालयापर्यंत

‘अणू’ हा शब्द कानी पडताच आपल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर १९४५ चे हिरोशिमा उभे राहते. म्हणूनच थायरॉईडच्या कर्करोगावर ‘किरणोत्सारी आयोडीन’ घ्यावे लागेल असे डॉक्टरांनी सांगितले, की घरची माणसे धास्तावतात. या भीतीला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे; परंतु ते औषध कसे बनते, हे त्यांना त्यांच्या भाषेत सहसा कोणी सांगत नाही.

मिठातील साध्या आयोडीनच्या अणुकेंद्रकात ५३ प्रोटॉन व ७४ न्यूट्रॉन असतात. आयोडीन-१३१ मध्ये न्यूट्रॉन ७८. या चार अधिक न्यूट्रॉनांमुळे केंद्रक अस्थिर होते आणि बीटा कण व गॅमा किरण बाहेर टाकून त्याचे झेनॉन बनते. थायरॉईड ग्रंथीला हा भेद कळत नाही; ती दोन्ही आयोडीन सारखीच शोषते. बीटा कण शरीरात जेमतेम दोन मिलिमीटरपर्यंत जातात, त्यामुळे मारा मुख्यतः ग्रंथीच्या पेशींवरच होतो. गॅमा किरण शरीराबाहेर येतात व त्यांवरून प्रतिमा घेता येते.

हे आयोडीन मुंबईतील तुर्भे, म्हणजेच ट्रॉम्बे, येथे भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार होते. तेथील ‘अप्सरा’ अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी, ‘सायरस’ १९६० मध्ये व ‘ध्रुव’ १९८५ मध्ये कार्यान्वित झाली. टेल्युरियमचे संयुग डबीत बंद करून भट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवतात. टेल्युरियमचा अणू एक न्यूट्रॉन गिळतो आणि थोड्याच वेळात आयोडीन-१३१ मध्ये पालटतो. नंतर ते तापवून वेगळे काढतात.

येथून घड्याळाशी शर्यत सुरू होते. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य सुमारे ८ दिवस : आठ दिवसांनी निम्मे, सोळा दिवसांनी पाव, ऐंशी दिवसांनी सुमारे हजारावा भाग. तपासणीसाठी सर्वाधिक वापरले जाणारे टेक्निशियम-९९एम मात्र ६ तासांतच निम्मे होते. ते साठवून पाठवणे व्यवहार्य नाही. म्हणून त्याचा जनक, ६६ तास अर्धायुष्याचा मॉलिब्डेनम-९९, रुग्णालयात पाठवतात. त्यातून गाईची धार काढावी तसे टेक्निशियम रोज वेगळे काढतात. तंत्रज्ञ त्या उपकरणाला खरोखरच ‘गाय’ म्हणतात! पेट स्कॅनसाठी लागणारे फ्लोरीन-१८ सायक्लोट्रॉनमध्ये बनते व ११० मिनिटांत निम्मे होते. मुंबईहून लोहाऱ्यापर्यंत मोटारीला अकरा तास धरले, तर पोचेल केवळ चौसष्टावा हिस्सा. आपल्या भागातील रुग्णाला अशा तपासणीसाठी मोठे शहर का गाठावे लागते, त्याचे एक कारण हे.

परळ येथे १९६३ पासून विकिरण वैद्यक केंद्र कार्यरत आहे. कर्करोगासाठी आयोडीनची मोठी मात्रा दिलेल्या रुग्णाला काही दिवस स्वतंत्र खोलीत ठेवतात. हे वाळीत टाकणे नव्हे. शरीरातील किरणोत्सर्ग मोजून ठरवलेली ती मुदत असते आणि ती संपते. घरी आल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्यापासून अंतर राखावे. गरोदर स्त्रीला हे औषध देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या मातेने तसे आधीच डॉक्टरांना सांगावे. त्या खोलीतील शौचालयाचे पाणीदेखील थेट गटारात जात नाही. ते वेगळ्या टाक्यांत साठवतात आणि किरणोत्सर्ग ठरलेल्या मर्यादेखाली उतरल्यावरच बाहेर सोडतात.