मधुमेह आणि रोग्याचे शिक्षण

मधुमेहाचे औषध डॉक्टर देतात, पण उपचार रोग्याला स्वतःच करावा लागतो. वर्षाचे ८,७६० तास होतात. त्यांपैकी डॉक्टरांसमोर रोगी फार तर दोन-तीन तास बसतो. उरलेल्या वेळात काय खावयाचे, सुई केव्हा टोचावयाची, घाम सुटून हातपाय कापू लागले तर काय करावयाचे, हे त्याला अथवा घरच्या मंडळींनाच ठरवावे लागते. तेव्हा या विकारात शिक्षण हा औषधाचाच एक भाग समजला पाहिजे.

बोस्टनचे डॉ. इलियट जोस्लिन यांनी ही गोष्ट इन्शुलिन निघण्यापूर्वीच ओळखली होती. डॉक्टर व रोगी अशा दोघांसाठी त्यांनी १९१८ साली एक पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे १९२१ साली टोरोंटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिन शोधून काढले आणि १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम एका मुलाला टोचण्यात आले. त्यामुळे शिकविण्याची गरज कमी न होता वाढलीच. कारण सुई टोचली आणि जेवण राहिले, तर रक्तातील साखर एकाएकी उतरते. अशा वेळी रोगी शुद्धीवर असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यात घालून द्यावी व पंधरा मिनिटांनी बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना गाठावा. एवढी माहिती शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही असावी.

लहान मुलांच्या मधुमेहात तर अज्ञान जिवावर बेतते. मूल तापाने फणफणले, जेवत नाही, म्हणून आई प्रेमापोटी सुई बंद करते. ताप असताना शरीरात साखर उलट वाढत असते; इन्शुलिन थांबताच रक्तात आम्ल साचून दोन-तीन दिवसांत मूल दगावू शकते. मात्रा डॉक्टरांना विचारून बदलावी. सुई बंद करू नये. कोणी जडीबुटी देऊन सुई सोडावयास सांगितले, तर त्याचेही ऐकू नये. मुलीचा रोग लग्नाच्या विचाराने लपविण्याची रीत तर आणखी घातक आहे. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी स्थापन केलेला ड्रीम ट्रस्ट गरीब घरच्या अशा मुलांना इन्शुलिनबरोबर शिक्षणही देतो. लांजीकरांना नागपूर काही परके नाही.

आता आपल्या घरच्या गोष्टी. आपला मुलूख धानाचा. भात सोडा म्हणून सांगितले की माणूस आठ दिवस सोडतो आणि नवव्या दिवशी दुप्पट खातो. त्यापेक्षा वाटीने मोजून भात घ्यावा व ताटात डाळ-भाजी वाढवावी. हे रोग्याला सांगून भागत नाही. रांधणाऱ्या व वाढणाऱ्या बाईला सांगावे लागते. डॉक्टरांकडे जाताना तिलाही बरोबर न्यावे. नवरात्राच्या उपवासात गोळी किंवा सुई कशी घ्यावयाची, हे घट बसण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी इन्शुलिनची बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घालून, ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवावी. आपल्याकडील उन्हाळ्यात ती खिडकीत राहिली तर औषध निकामी होते.

पायांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना जाते. रोवणीच्या दिवसांत माणूस दिवसभर बांधीतल्या चिखलात उभा असतो. काटा मोडला, काचेचा तुकडा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळून हाडापर्यंत जाते, तेव्हा कुठे वास येऊन घरच्यांच्या लक्षात येते. म्हणून रोज सायंकाळी पाय धुऊन, बोटांमधील जागा कोरडी करून, तळवे पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर नातवाला पाहावयास सांगावे. मुलांचे डोळे तीक्ष्ण असतात.