चेन्नईची पळ्ळिकरणै दलदल

दलदल म्हटली की चिखल, डास आणि हिवताप एवढेच सामान्यतः मनात येते. तिचा उपयोग तो काय, असे विचारले जाते आणि तीत भराव घालून घरे बांधणे हीच सुधारणा समजली जाते. चेन्नई शहराच्या दक्षिण भागातील पळ्ळिकरणै दलदलीच्या वाट्यास नेमके हेच आले.

तमिळ भाषेत अशा जागेस ‘कळुवेळी’ म्हणतात. पुराचे पाणी पसरून साठून राहण्याची जमीन, असा त्याचा अर्थ. हे नाव ज्यांनी दिले त्यांना त्या जमिनीचे कार्य पुरते ठाऊक होते, असे म्हणावयास हरकत नाही. चेन्नईचा प्रदेश सपाट असून समुद्राकडे त्याचा उतार इतका अल्प आहे की, पावसाचे पाणी वेगाने वाहून जाऊच शकत नाही. त्यातच तेथील मुख्य पाऊस महाराष्ट्राप्रमाणे जून-जुलैत पडत नाही. तो ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, आणि पुष्कळदा थोड्याच दिवसांत, कोसळतो. या पाण्याची सोय लावण्यासाठी गावोगावी मातीचे बांध घालून तलाव केलेले होते. त्यांस ‘एरी’ असे नाव आहे. एक एरी भरली की तिचे पाणी सांडव्यावरून खालच्या एरीत उतरे. ती भरली की त्याहून खालच्या. अशा पुष्कळ तलावांचे पाणी अखेरीस पळ्ळिकरणैत येऊन पसरे. तेथून ओक्कियम मडुवु या अरुंद प्रवाहाने ते बकिंगहॅम कालव्यास आणि पुढे कोवळमच्या खाडीतून बंगालच्या उपसागरास मिळते. किनाऱ्याला समांतर असा हा कालवा एकोणिसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने खोदला गेला. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात दुष्काळी कामे काढून त्याचे भाग जोडण्यात आले, आणि मद्रासच्या तत्कालीन गव्हर्नराचे नाव त्यास मिळाले.

अशा रीतीने दलदल ही या साऱ्या माळेतील शेवटचे भांडे ठरते. तीतील लव्हाळा व पाणकणीस पाण्याचा वेग मोडतात, गाळ खाली बसतो आणि काही पाणी जमिनीत मुरते. भूगर्भातील हे गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यास आत शिरू देत नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरींस याचे मोल किती, हे सांगावयास नकोच.

सरकारी दप्तराने मात्र हे ओळखले नाही. जिथे पीक निघत नाही ती जमीन पडीक, असा इंग्रजी अमदानीतील महसुली हिशेब होता, आणि स्वातंत्र्यानंतरही तो चालू राहिला. पडीक म्हणून नोंदलेली जमीन कोणासही देता येते. विसाव्या शतकाच्या मध्यास ही दलदल सुमारे ५० चौरस किलोमीटर पसरलेली होती. तिचा बहुतेक भाग पुढे वसाहती, रस्ते, कचेऱ्या व शिक्षणसंस्था यांखाली गेला. पेरुंगुडी येथे शहराचा कचरा दलदलीतच टाकण्यात येऊ लागला व त्याचे डोंगर झाले. सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी फोफावली ती वेगळीच.

एवढे होऊनही येथे पक्ष्यांची कमतरता नाही. वारकरी, शेकाट्या, जांभळी पाणकोंबडी, मोर शराटी हे नित्य दिसतात. हिवाळ्यात उत्तरेकडून तलवार बदक, थापट्या, भुवई बदक येतात आणि उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. सर्वांत कौतुकाचा आहे तो लांब शेपटीचा कमळपक्षी. त्याच्या बोटांची लांबी विलक्षण असल्यामुळे शरीराचा भार विभागला जातो आणि तो तरंगत्या पानांवरून सहज चालतो. याचा गृहस्थाश्रमही उफराटा आहे. मादी अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी उबविणे व पिले सांभाळणे ही कामे नराची. घरटे पाणवनस्पतींवर तरंगते असते. पाणी हळूहळू चढले तर तेही वर उचलले जाते. एकाएकी लोंढा आला तर निभाव लागणे कठीण. पाण्याची पातळी सावकाश बदलावी, हे या पक्ष्याच्या दृष्टीने जीवनमरणाचे आहे.

माणसांच्या दृष्टीनेही ते तसेच असल्याचे १ डिसेंबर २०१५ रोजी दिसून आले. अतिवृष्टीने चेन्नई जलमय झाली, आणि दलदलीस लागून असलेल्या वेळच्चेरी भागातील घरांत पाणी शिरले. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या वेळी तेथे पुन्हा तोच प्रकार घडला. भराव घातल्याने पाण्याची जागा गेली होती. पाणी मात्र पूर्वीच्याच वाटेने आले.

संरक्षणाचे प्रयत्न त्याआधीच सुरू झाले होते. २००७ साली ३१७ हेक्टर क्षेत्र राखीव वन म्हणून जाहीर झाले. २०२२ साली सुमारे साडेबारा चौरस किलोमीटर क्षेत्राचा समावेश रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत झाला. पडीक ठरलेल्या जमिनीची नोंद अशी बदलली खरी. पण ओक्कियम मडुवु अरुंदच आहे, आणि तोरैप्पाक्कमहून पल्लावरमकडे जाणारा रस्ता दलदलीचे दोन भाग करून गेलेला आहे. हिवाळ्यात सकाळच्या वेळी याच रस्त्याच्या कडेला दुर्बिणी घेतलेली माणसे उभी असलेली दिसतात. पाठीशी मोटारींची रांग असते, आणि समोर हाकेच्या अंतरावर कमळपक्षी पानांवरून चालत असतो.