निवृत्त मुष्टियोद्धा उत्तम शिक्षक होईल काय?

ज्यानें स्वतः रिंगणांत ठोसे दिले आणि सोसले, तोच दुसऱ्यास मुष्टियुद्ध उत्तम शिकवील, असा सामान्य समज आहे. आपल्याकडे तालमींतील वस्ताद बहुधा जुना मल्लच असतो. त्यामुळें हा समज आपणांस सहज पटतो. परंतु करतां येणें व शिकवितां येणें हीं दोन निराळीं सामर्थ्यें होत. निष्णात योद्ध्याचें शरीर विचारापूर्वींच प्रहार चुकवितें. हें कसें साधलें, असें विचारल्यास त्यास पुष्कळदां सांगतां येत नाहीं. शिक्षकास मात्र पाय कोठें ठेवावा, हनुवटी किती झुकवावी, हात परत केव्हां आणावा, हें सुटें सुटें करून सांगावें लागतें.

अमेरिकेंतील एडी फच हे तरुणपणीं डेट्रॉइट शहरांत हौशी मुष्टियोद्धे होते. हृदयांतील दोषामुळें त्यांस धंदेवाईक रिंगणांत उतरतां आलें नाहीं. पुढें ते शिक्षक झाले. १ ऑक्टोबर १९७५ रोजीं मनिला येथें त्यांचा शिष्य जो फ्रेझिअर व महंमद अली यांचा जगज्जेतेपदाचा सामना झाला. चौदा फेऱ्या संपल्या, एकच उरली. फ्रेझिअरचे डोळे सुजून जवळजवळ मिटले होते. येणारा ठोसा त्यास दिसेना. तरी तो लढण्यास उत्सुक होता. फच यांनीं सामना थांबविला. त्यांनीं हार पत्करली; पण शिष्य राखला.

त्यांचेच दुसरे शिष्य फ्रेडी रोच. गुरूंनीं निवृत्त होण्यास सांगितलें असतांही ते लढत राहिले आणि १९८६ सालीं थांबले. पुढें त्यांस कंपवातानें गांठलें. ते स्वतः कधीं जगज्जेते झाले नाहींत. परंतु गुरूंच्या हाताखालीं राहून ते शिकविण्यास शिकले. आठ वजनगटांत जगज्जेतेपद मिळविणारा फिलिपाईन्सचा मॅनी पॅक्वियाव २००१ पासून त्यांच्याजवळ तयार झाला.

तेव्हां निवृत्त योद्धा उत्तम शिक्षक होऊं शकतो, असेंच आम्हांस वाटतें. मात्र केवळ मिळविलेल्या पदकांच्या बळावर नव्हे. ठोशाचें मोल त्यानें अंगावर मोजलेलें असतें. त्या अनुभवास शब्द व दया यांची जोड मिळाली, तरच तो शिक्षक होतो. डोक्यास वारंवार बसलेल्या माराची इजा वर्षांनंतरही प्रकट होते, हें आज वैद्यकास ठाऊक आहे. म्हणून पालकांनीं मुलास आखाड्यांत धाडण्यापूर्वीं शिक्षकाचीं पदकें खुशाल पाहावींत; पण त्याहून अगोदर एक गोष्ट पाहावी: योग्य वेळीं हा माझ्या मुलास थांबवील काय? आणि विद्यार्थ्यांनो, जो तुम्हांस थांबवितो, त्यास भित्रा म्हणूं नका.