भोपाळची कोंडी आणि नेतृत्वाविषयीचे गैरसमज

नेता म्हणजे सर्वांच्या पुढे घोडा फेकणारा, अशी समजूत फार जुनी आहे. पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या नावाला तर ती कायमची चिकटली आहे. त्यांची भोपाळची मोहीम बारकाईने पाहिली, तर ती टिकत नाही.

मार्च १७३७मध्ये बाजीराव थेट दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन आले. हादरलेल्या मुहम्मदशहा बादशहाने निजामउल्मुल्काला दक्षिणेतून बोलावून घेतले आणि मराठ्यांना माळव्यातून हुसकून लावण्याची कामगिरी त्याच्यावर सोपवली. नर्मदेपलीकडून डिसेंबर १७३७मध्ये मराठी फौज माळव्यात उतरली. निजामाने भोपाळच्या तटाचा आणि तलावाचा आसरा घेतला.

इथे धडक मारणे सोपे होते आणि घातकही. निजामाचा तोफखाना जबर होता. बाजीरावांनी तोफांच्या माऱ्यात शिरण्याचे टाळले आणि चहूबाजूंनी रसद तोडली. तलावामुळे पाण्याची ददात नव्हती, पण दाणा-वैरण येईना. छावणीत धान्याचे भाव कडाडले, जनावरे उपाशी राहू लागली. निजामाने बाहेर पडून परतीची वाट धरली, तेव्हा अवजड तोफा आणि बुणगे यांच्यामुळे दिवसाकाठी जेमतेम दीड-दोन कोस मजल होई. मराठी स्वार भोवताली घिरट्या घालतच होते. शौर्य यातही होतेच, पण निकाल लावला तो संयमाने आणि दाणागोट्याच्या हिशेबाने.

चांगला नेता सगळे स्वतःच करतो, हाही असाच एक भ्रम. निजामाचा मुलगा नासिरजंग दक्षिणेतून कुमक घेऊन निघाला असता, तर भोपाळचा वेढा आतून-बाहेरून चेपला गेला असता. त्याला दक्षिणेतच अडवून धरण्याचे काम चिमाजी अप्पांकडे होते आणि ते त्यांनी चोख केले. उत्तरेकडून निजामाच्या मदतीला येणारी फौज मल्हारराव होळकर आणि यशवंतराव पवार यांनी वाटेतच गाठून परतवली. भोपाळच्या यशाचा मोठा वाटा भोपाळपासून दूर उभ्या असलेल्या माणसांचा आहे. त्यांच्यावर जबाबदारी टाकून बाजीराव निर्धास्त राहू शकले, हेच त्यांच्या नेतृत्वाचे खरे बळ.

अनुभव मोठा, म्हणून नेतृत्व मोठे, असेही मानले जाते. निजाम तेव्हा साठी ओलांडलेला, औरंगजेबाच्या काळापासून मुरलेला सेनानी होता. बाजीराव ३७ वर्षांचे. पण १७२८मध्ये पालखेडला निजामाची जी कोंडी झाली होती, तीच दहा वर्षांनी भोपाळला झाली. त्याने पुन्हा अवजड तोफखान्यावरच भिस्त ठेवली. अनुभव दोघांनाही आला होता, शिकले मात्र एकच.

शत्रूला पुरते चिरडले नाही तर नेता कच्चा, हा समज सर्वांत चिवट आहे. ७ जानेवारी १७३८ रोजी भोपाळच्या वायव्येस दोराहा येथे तह झाला. हे गाव आज सीहोर जिल्ह्यात आहे. संपूर्ण माळवा, नर्मदा आणि चंबळ यांच्या मधल्या मुलखावरील सत्ता आणि युद्धखर्चापोटी ५० लाख रुपये बादशहाकडून मिळवून देण्याचे निजामाने कबूल केले. त्याला हातातून सोडले, असा ठपका बाजीरावांवर पुढे ठेवला गेला. पण त्यांनी चिमाजी अप्पांना लिहून कारणे कळवली होती: निजामाचा तोफखाना भक्कम आहे, बुंदेले आणि रजपूत त्याच्या बाजूला आहेत. पदरात पडण्यासारखे होते ते पडले होते. त्यापुढे माणसे खर्ची घालणे हा निव्वळ हट्ट ठरला असता. शिवाय निर्णय सहकाऱ्याला कारणांसह कळवणे हेही नेत्याचेच काम आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष दिले जाते.

तहाने सगळे लगेच हाती आले, असेही नाही. कबूल केलेली सनद बादशहाकडून येण्याआधीच २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचे निधन झाले. माळव्याचा कारभार बादशाही फर्मानाने मराठ्यांकडे आला तो १७४१मध्ये, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत.