दगडावरची लिपी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजोळी गेलो होतो. मारुतीच्या देवळामागे एक वीरगळ आहे. त्याच्यावर वेड्यावाकड्या काळ्या रेघा दिसल्या. मी इतिहासाचा विद्यार्थी. शिलालेखच सापडला असे वाटले. भोवतालचा पांढुरका थर काढला तर पुढचा मजकूर दिसेल, म्हणून चाकूने खरवडू लागलो. थर निघाला, पण त्याच्यासोबत दगडाची कपचीही निघाली. कोरलेल्या घोड्याचा कान गेला. अक्षरे नव्हतीच.

सुट्टीनंतर ती कपची वनस्पतिशास्त्राच्या सरांना दाखवली. ते म्हणाले, "अरे, हा शैवाक आहे. मसाल्यातल्या दगडफुलाचा भाऊबंद!" काळ्या रेघा म्हणजे शेजारशेजारच्या दोन शैवाकांमधली हद्द होती.

शैवाक ही एकच एक वनस्पती नव्हे. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार. बुरशी निवारा व ओलावा देते, शैवाल उन्हात अन्न तयार करते. १८६७ साली सायमन श्वेंडनर या स्विस शास्त्रज्ञाने हे सांगितले, तेव्हा अनेक जाणकारांनी त्याला वेड्यात काढले होते.

शैवाकाचे मुख्य प्रकार तीन : झुडपासारखे, पानासारखे आणि खपलीसारखे. ओळखायची पहिली खूण सोपी आहे. कडेखाली नख घालून पाहावे. दगडफुलाची कड उचलली जाते. खपलीची उचलत नाही, कारण तिला खालची त्वचाच नसते. बुरशीचे तंतू थेट दगडात किंवा सालीत शिरलेले असतात. माझ्या हातून कपची का निघाली, ते तेव्हा उमगले.

पुढची ओळख भिंगाने. रंगावर विसंबू नये. पावसात भिजलेली राखाडी खपली हिरवी दिसू लागते. फळे पाहावीत. वाटोळ्या चकतीला खपलीच्याच रंगाची कड असेल, तर लेकानोराचा विचार करावा. कड चकतीसारखीच काळी असेल, तर लेसिडिया किंवा ब्युएलिया. झाडाच्या सालीवर काळ्या, फाटे फुटलेल्या रेघा असतील तर तो ग्राफिस. या नावाचे मूळ 'लिहिणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. म्हणजे दगडावर फसलेल्या मला खरी 'लिपी' झाडावर मिळाली! फळे नसून नुसती भुकटी असेल तर बहुधा लेप्रारिया.

नारिंगी कॅलोप्लाकावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की तो जांभळट लाल होतो. मात्र ही परीक्षा सुट्या तुकड्यावरच करावी, कोरीव कामावर कधीही नाही. एवढे करूनही हाती येते ते घराण्याचे किंवा फार तर प्रजातीचे नाव. नेमकी जात ठरवायला पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहावे लागतात. त्यासाठी डॉ. डी. डी. अवस्थी यांचा १९९१ सालचा ग्रंथ उपयोगी पडतो, असे सर म्हणाले.

यातल्या कित्येक खपल्या वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतात. तळहाताएवढी खपली आपल्या आजोबांच्या वयाची असू शकते. तेव्हा मित्रांनो, गडावर किंवा देवळात गेलात की 'साफसफाई'साठी तारेचा ब्रश उचलण्याआधी भिंग उचला. मी आता तेच करतो. घोड्याचा कान मात्र परत येणार नाही.