सर्व्हर आले-गेले तरी सर्च चालू कसा राहतो? रेप्लिकाची गोष्ट

शॉपिंग ॲपवर तुम्ही ‘येवला पैठणी’ टाइप करता आणि क्षणात यादी समोर येते. पण त्याच वेळी मागचा एखादा सर्व्हर बंद पडला असेल तर? बहुतेक वेळा तुम्हाला पत्ताही लागत नाही. असं कसं, ते आज बघूया.

समजा, तुमचं दुकान नाशिकला गोदाघाटावर आहे. सातबाऱ्याच्या दोन झेरॉक्स तुम्ही दुकानातल्या एकाच कपाटात ठेवल्या. गोदावरीला पूर आला, दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी चढलं, की दोन्ही प्रती गेल्या! म्हणून एक प्रत दुकानात आणि दुसरी सातपूरला काकांकडे ठेवायची.

इलॅस्टिकसर्च हे लोकप्रिय सर्च सॉफ्टवेअर २०१० मध्ये आलं. तेही हेच करतं. डेटाचे तुकडे म्हणजे शार्ड. मूळ तुकडा प्रायमरी, त्याची प्रत रेप्लिका. एकाच तुकड्याची प्रायमरी आणि रेप्लिका एका सर्व्हरवर कधीच ठेवली जात नाही. प्रायमरीवाला सर्व्हर पडला, तर रेप्लिकाच प्रायमरी होते.

आता गंमत बघा. सर्व्हर एकच आहे आणि तुम्ही एक रेप्लिका मागितली, तर ती ठेवणार कुठे? जागाच नाही! मग क्लस्टरचा रंग हिरव्याचा पिवळा होतो. म्हणजे डेटा आहे, पण प्रत अपुरी. प्रायमरीच गायब असेल तर लाल.

यावर उपाय म्हणून ‘ऑटो एक्स्पांड रेप्लिकाज’ नावाची सेटिंग आहे. ती मुळात बंद असते. तिला ‘०-१’ दिलं, तर एकच सर्व्हर असताना रेप्लिका शून्य आणि दुसरा आला की आपोआप एक. ‘०-ऑल’ दिलं, तर डेटा ठेवणाऱ्या प्रत्येक सर्व्हरवर एकेक प्रत. छोट्या पण सारख्या वाचल्या जाणाऱ्या डेटासाठी हे मस्त. मोठ्या डेटाला मात्र नको, कारण प्रत्येक नवीन सर्व्हरवर सगळं पुन्हा कॉपी होत बसतं.

इथेच मी एकदा फसलो. एका छोट्या प्रोजेक्टमध्ये आमचे दोन सर्व्हर होते, सेटिंग ‘०-१’. शुक्रवारी संध्याकाळी एक बंद पडला. सेटिंगने रेप्लिका शून्यावर आणली, त्यामुळे डॅशबोर्ड हिरवागार! मी निवांत घरी. सोमवारी कळलं की दोन दिवस सगळा डेटा एकाच प्रतीवर चालला होता. नशीब, तो सर्व्हर टिकला.

चूक सेटिंगची नव्हती. हिरवा रंग एवढंच सांगतो, की आत्ता जेवढ्या प्रती हव्यात तेवढ्या आहेत. ‘हव्यात’ हा आकडाच शून्य झाला, तर हिरव्याला काय अर्थ? तेव्हापासून मी रंगासोबत चालू सर्व्हरची संख्याही तपासतो आणि एक कमी झाला की लगेच अलर्ट येतो.

आणखी एक गोष्ट. रेप्लिका म्हणजे बॅकअप नाही. चुकून काही डिलीट केलं, तर ते सगळ्या प्रतींतून जातं. त्यासाठी वेगळा स्नॅपशॉट घ्यावाच लागतो.

तुमच्या फोनमधल्या फोटोंचंही असंच आहे. सिंक चालू असेल, तर एका ठिकाणी डिलीट केलेला फोटो दुसरीकडूनही जाऊ शकतो. तुमची खरी दुसरी प्रत कुठे आहे, ते आजच बघून घ्या!